बाबल्याची वीस नखं: जून ते सप्टेंबरच्या नोंदी

मी गोव्यात कुंडईच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथे दर पाळीला लॉगबुक भरावं लागतं: काय बिघडलं, काय केलं, मशीन किती वेळ बंद होतं. घरी साडेतीन वर्षांच्या मुलाची नखं कापण्यावरून जो तमाशा चालला होता त्याची आठवण दर वेळी वेगळीच निघायची. मी म्हणायचो मागच्या रविवारी कापली, आई म्हणायची पंधरा दिवस झाले. म्हणून वही घातली. तीच इथे उतरवतो आहे. चुका काढून टाकल्या असत्या तर वही निम्मी झाली असती, म्हणून ठेवल्या आहेत.

घर म्हार्दोळला. घरात मी, बाबल्याची आई, माझी आई (यापुढे आजी) आणि बाबलो. खरं नाव वेगळं आहे, पण वाड्यावर सगळे त्याला बाबलोच म्हणतात. त्याच्या तोंडी एक शब्द फार येईल, ‘नाका’. आम्ही घरात मराठी बोलतो, पण नकार मात्र त्याने कोंकणीतून उचलला आहे.

२ जून २०२४, रविवार

बालवाडी सुरू व्हायला आली. नखं भरपूर वाढलेली, खाली अंगणातली तांबडी माती. ठरवलं, आज उरकायचंच. मी मांडीत घट्ट धरलं, बाबल्याच्या आईने पाय धरले. सहा नखं झाली. सातवं उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं. त्याने हिसडा दिला आणि कटर जिव्हाळीपर्यंत गेला.

रक्त थेंबभरच, पण ओरडणं रस्त्यापर्यंत. आजी हळद घेऊन धावली. मी स्वच्छ फडक्याने बोट दाबून धरलं, चार-पाच मिनिटांत थांबलं. वर औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावली. थोड्या वेळाने पाहिलं तर पट्टी बोटावर नाही, तोंडात. बोट घालून काढली. नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की एवढ्या लहान मुलाच्या बोटाला पट्टी लावूच नये, सुटली तर घशात अडकू शकते. रक्त थांबेपर्यंत दाबून धरायचं, बस.

वेळ: पाऊण तास. नखं: सहा. माणसं: तीन.

८ जून, शनिवार

उरलेली चार हाताची आणि दहा पायाची. आज मला सुट्टी, पण शनिवारी नखं कापायची नाहीत. अमावस्येला नाहीत. दिवेलागणीनंतर तर नाहीतच. मी आजीशी यावर वाद घालत नाही, घालून उपयोग झाल्याचं मला आठवत नाही. पण हिशेब मांडून पाहिला: पहिल्या पाळीला मी तीनला घरी येतो तेव्हा बाबलो झोपलेला असतो, उठतो पाचला, आणि पावसाळ्यात साडेसहाला घरात अंधार. दुसऱ्या पाळीला मी दुपारी एकला बाहेर पडतो. म्हणजे आठवड्यात हातात येणारा वेळ अगदी थोडा. त्या थोड्या वेळात सगळं उरकण्याची घाई माझी होती, त्याची नव्हती. हे आज लिहितोय, त्या दिवशी सुचलं नव्हतं.

९ जून, रविवार

मोबाइलवर कार्टून लावून दिलं. तीन नखं अशी झाली की मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात मध्येच जाहिरात आली, त्याने खाली पाहिलं, बोटावर कटर. पुन्हा ‘नाका’, पुन्हा हिसडा. या वेळी लागलं नाही.

संध्याकाळी स्वतःच येऊन म्हणाला, “नखं कापूया, मोबाइल दे.” मोबाइल दिला. बोटं मुठीत. वीस मिनिटं वाटाघाटी, कापलेली नखं शून्य. हा मार्ग बंद केला.

१२ जून, बुधवार

पहिली पाळी. तीनला आलो, तो गाढ झोपलेला. तोंडात टॉर्च धरून हाताची राहिलेली आणि पायाची मिळून आठ नखं कापली. एकदाही हलला नाही. वहीत त्या दिवशी मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: ‘प्रश्न सुटला.’ खोडलेलं नाही, राहू दे.

१६ जून, रविवार

बॅटरीवर फिरणारी कानस मागवली होती, ५४९ रुपये. लहान मुलांसाठीच असते, सोबत रंगीत चकत्या, दिवाही आहे. कातडीला लागत नाही हे खरं, मी स्वतःच्या गालावर फिरवून पाहिलं. पण गुरगुरते. चालू करताच बाबलो आतल्या खोलीत गेला आणि कपाटामागे बसला. घरात मिक्सर लागला तरी तो कान झाकतो, कुकरच्या शिटीला पळतो. हे मला माहीत होतं. तरी मागवली. आता ती बाबल्याच्या आईकडे आहे, ती टाचांना वापरते.

१९ जून, बुधवार

झोपेतला दुसरा प्रयोग. दुसऱ्याच नखाला डोळे उघडले. खोलीत काळोख, बाहेर पाऊस, तोंडात टॉर्च धरलेला बाप अंगावर वाकलेला आणि हातात कटर. त्याला काय दिसलं असेल ते मी नंतर आरशात उभं राहून पाहिलं. मलाही बरं वाटलं नाही.

२१ जून, शुक्रवार

आजीचा उपाय: “नखांत जंत असतात, पोटात जातात.” गोष्ट खोटी नाही. खाजवलं की कृमींची अंडी नखाखाली बसतात आणि तिथून पुन्हा तोंडात, म्हणून तर नखं छोटी ठेवायची. पण त्याने ऐकलं ते एवढंच की आपल्या बोटांत किडे आहेत. रात्री हाताने भात खाईना. चमच्यानेच हवा. चार दिवस पेजसुद्धा आम्ही भरवली. पाचव्या दिवशी बाबल्याच्या आईने साबणाने हात धुऊन, “बघ, गेले सगळे,” असं सांगून तो विषय मिटवला.

२५ जून, मंगळवार

दुपारी झोपेना. रात्री झोपला, मी पांघरूण नीट करायला गेलो तर दोन्ही हातांच्या मुठी पोटाखाली दाबून पालथा झोपलेला. मी एक हात हळूच बाहेर काढला, झोपेतच परत आत घेतला.

नखं कापणं थांबवलं. बालवाडीतल्या बाईंनी विचारलं तर सांगायचं, आम्ही बघतोय.

३० जून, रविवार

कारखान्यात एखादं मशीन वारंवार बंद पडत असेल तर आधी माणसाला दोष द्यायचा नाही, आधी हत्यार बघायचं. हे मी नव्या पोरांना शिकवतो. घरी मात्र चार आठवडे मुलालाच दोष देत होतो.

आज कटर उजेडात धरून पाहिला. दोन पाती मिटली की मधून फट दिसते, एका कोपऱ्यात खाच. स्वतःच्या करंगळीचं नख कापलं. कापत नाही, चावतो. नख आधी वाकतं, ओढलं जातं आणि मग तुटतं. ती ओढ बोटाच्या मुळापर्यंत जाणवते. म्हणजे बाबलो ‘दुखतंय’ म्हणत होता ते नाटक नव्हतं. नखाला संवेदना नसते, पण ते ज्यावर चिकटलेलं आहे त्याला असते.

आणि खाच कशी पडली? मार्चमध्ये पंप दुरुस्त करताना वायर सोलायला पक्कड सापडेना म्हणून मी हाच कटर वापरला होता. म्हाळसेच्या जत्रेच्या फेरीत घेतलेला, सगळ्या घराला एकच.

हे बाबल्याच्या आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१ जुलै, सोमवार

फोंड्याहून नवीन लहान कटर आणला, ८५ रुपये. सोबत पुठ्ठ्याची कानस, ३० रुपये. कटर निवडताना दुकानात पाती मिटवून ट्यूबलाइटसमोर धरली, फट नाही ना ते पाहिलं, मग वहीच्या कागदाची कड कापून पाहिली. कागद फाटला नाही, कापला गेला. दुकानदार बघत राहिला.

जुना कटर हत्यारांच्या डब्यात. त्यावर ‘वायर’ असं लिहून ठेवलं.

हत्यार बदललं म्हणून मुलगा बदलत नाही. त्याच्या डोक्यात जुनाच कटर आहे. म्हणून यापुढे दुसरा नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, म्हणजे नेमकं कशाने अडतं ते कळेल.

३ ते ६ जुलै

चार दिवस एकही नख कापलं नाही. पहिल्या दिवशी नवीन कटर सोप्यावर नुसता ठेवून दिला. बाबलो त्याच्यापासून हातभर लांब बसला. दुसऱ्या दिवशी त्याने पायाने ढकलला. तिसऱ्या दिवशी हातात घेतला, उघडझाप केली.

चौथ्या दिवशी मी चाचण्या घेतल्या. मनगट धरलं, कटर नाही: चुळबुळ, ‘नाका’. मनगट सोडून फक्त बोटाचं टोक धरलं: चालतं. कटर बोटाला टेकवला, दाबला नाही: चालतं, श्वास रोखून. कटर हवेत दाबला, ‘टक्’: खांदे वर, डोळे मिट्ट. तोच आवाज टॉवेलखाली केला: काही नाही.

म्हणजे बिघाड दोन ठिकाणी. मनगट आवळणं, आणि तो ‘टक्’. धारेची भीती तिसऱ्या नंबरावर. मी महिनाभर फक्त धारेचं बघत होतो, “लागणार नाही रे, लागणार नाही रे,” म्हणत.

७ जुलै, रविवार

हे ठरवून केलेलं नाही. बाबल्याची आई भेंडी चिरायला बसली होती, सात शिरांची लांब, पावसाळ्यात फोंड्याच्या बाजारात येते ती. कोवळी आहे की जून, हे बघायला ती प्रत्येकीचं टोक मोडत होती. टक्. टक्. बाबलो जाऊन शेजारी बसला. “मी करतो.” अर्धा किलो भेंडीची टोकं त्याने मोडली. मोडलं नाही ते जून, बाजूला. स्वतःच्या बोटांतून तो आवाज निघत होता आणि खांदे वर जात नव्हते.

मग मी त्याच्या हातात कटर दिला आणि एक भेंडी. तिचं शेपूट कापलं. मग तायकिळ्याची, म्हणजे टाकळ्याच्या भाजीची, देठं. मग केरसुणीचा हीर, त्यावर आजी ओरडली.

नंतर कटर गरम पाण्याने आणि साबणाने धुतला. भेंडीचा चिकटा पात्यात बसतो, वाळला की स्प्रिंग अडकते. हे लिहून ठेवतो कारण पहिल्यांदा मी नुसता पुसला होता.

११ जुलै, गुरुवार

त्याने माझी नखं कापली. डाव्या हाताची चार व्यवस्थित, म्हणजे वाकडी पण नखंच. पाचव्याला अंगठ्याची साल घेतली. मी “थांब, थांब!” म्हटलं. त्याला वाटलं खेळच आहे, दाबतच राहिला. मी हात हिसकला.

नेमकं जे तो करत होता तेच मी केलं. हिसडा देण्याचं कारण असं की तो थांबणार नाही हे मला कळलं होतं. त्यावरून नियम निघाला, दोघांनाही लागू: थांब म्हटलं की कटर खाली ठेवायचा. हातात धरून राहायचं नाही, खाली ठेवायचा. आणि पुन्हा उचलायचा तो समोरच्याने “चल” म्हटल्यावरच.

१४ जुलै, रविवार

आंघोळीनंतर लगेच. गरम पाण्याने नख मऊ पडतं, आवाजही कमी होतो, ‘टक्’चा ‘चप्’ होतो. तो माझ्या मांडीत, पाठ माझ्या छातीला, म्हणजे माझ्या हातांची दिशा आणि त्याच्या हातांची दिशा एकच. समोर बसून कापताना मी इतके दिवस उलट्या बाजूने अंदाज करत होतो. बोटाचं गुबगुबीत टोक अंगठ्याने खाली दाबून धरलं, म्हणजे कातडी पात्यापासून दूर राहते.

“थांब.” ठेवला. “चल.” उचलला. “थांब.” ठेवला. अकरा वेळा मोजलं. तो बघत होता मी खरंच ठेवतो का ते. बाराव्या वेळी “चल” म्हणाला आणि डावी करंगळी झाली.

एक नख. मी कटर खिशात टाकला आणि उठलो. तो म्हणाला, “आणि?” मी म्हटलं, “उद्या.” दुसरं कापायचा मोह फार झाला होता.

१५ जुलै, सोमवार

दुसऱ्या पाळीला निघण्याआधी. एक नख. “थांब” सात वेळा.

जेवताना कागदावर हिशेब केला. हाताची नखं महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतात, पायाची त्याच्या निम्म्याने किंवा त्याहून कमी. रोज एक धरलं तर वीस नखांची फेरी वीस दिवसांची, तेवढ्यात हाताचं नख २ मिलिमीटर वाढणार. जरा जास्त आहे, पण रक्तपाताचं नाही. हाताचं रोज एक आणि पायाचं आठवड्यातून दोनदा असं केलं तर हात दहा दिवसांत फिरून येतात, १ मिलिमीटर. पुरे. शिवाय रोज एकच असल्याने शनिवार वगळला तरी वेळापत्रक बिघडत नाही. आजी खूश.

२३ जुलै, मंगळवार

आठ नखं झाली होती. काल मी दुसऱ्या पाळीला असताना बालवाडीतून चिठ्ठी आली की नखं कापून पाठवा. आजीने आणि शेजारच्या एका बाईने मिळून दहाच्या दहा कापून टाकली. दोघींनी धरून. रात्री अकराला आलो तेव्हा बाबलो झोपला होता, मुठी पोटाखाली.

आजीवर चिडलो, मोठ्याने. मग ती म्हणाली की तिच्या माहेरी एका ओळीत अकरा पोरं बसवून तिची आजी ब्लेडने नखं काढायची, कोणाची हूं की चूं नाही. मी विचारलं, “तुला भीती नव्हती वाटत?” जरा थांबून म्हणाली, “वाटायची. रडलं की थोबाडीत मिळायची.”

बालवाडीतल्या बाईंना मी आज जाऊन सांगितलं, रोज एक चाललं आहे. त्यांना आधीच सांगितलं असतं तर चिठ्ठी आली नसती. माझी चूक. पुन्हा ३ जुलैपासून सुरुवात: कटर सोप्यावर.

२८ जुलै, रविवार

अपेक्षेपेक्षा लवकर परत आला, पाच दिवसांत. “थांब” वीस वेळा, पण आला. आता कटर घरात कोणीही वापरला तरी थांबचा नियम पाळायचा, आजीनेही. तिने मान्य केलं. नखं मात्र ती कापणार नाही म्हणाली, “तुझं तूच कर.”

आतापर्यंतचा खर्च: गुरगुरणारी कानस ५४९, कटर ८५, पुठ्ठ्याची कानस ३०, डॉक्टरांची फी ३००. यातले उपयोगी पडले ते ११५ आणि फीचे. वेळेचा हिशेब लावला नाही.

डॉक्टरीणबाईंनी जूनमध्ये एक विचारलं होतं ते इथे लिहायचं राहिलं: शर्टाची मागची पट्टी टोचते का, मोठे आवाज सहन होतात का, चिकट हात चालतात का, दात घासू देतो का? आमच्याकडे आवाजाचं एवढंच आहे, बाकी ठीक. त्या म्हणाल्या, सगळ्यातच अडत असेल आणि रोजचं जगणं कठीण होत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवायचं, लाड किंवा हट्ट समजून दामटायचं नाही. कानाबद्दल मी विचारलं, तर कानात काडी घालायचीच नाही म्हणाल्या, बाहेरून ओल्या फडक्याने पुसायचं. एक लढाई तरी आपोआप मिटली.

६ ऑगस्ट, मंगळवार

उजव्या हाताला तो अजून कचरतो, जून महिन्यातलं बोट त्याच हाताचं. मधलं बोट देतच नाही.

शेजारची काकी जायांचे गजरे बांधते. म्हार्दोळच्या जाया, देवळासमोर विकायला. दुपारी कळ्या टिपलेल्या परडीभर येतात आणि ती केळीच्या दोऱ्याने गुंफत बसते. बाबलो तिच्याकडे तासन् तास बसतो, तिला कळ्या दोन-दोन करून देतो. आज मी तिथेच कटर घेऊन गेलो. त्याचा डावा हात कळ्या देत होता, उजवा मोकळा. काकी म्हणाली, “हात दी रे बाबाक.” त्याने न बघता दिला. मी विचारलं, “चल?” म्हणाला, “चल.” मधलं बोट झालं.

मोबाइलच्या वेळीही त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं, मग हे चाललं आणि ते का नाही, यावर मी बराच विचार केला. मोबाइल मी लपवाछपवीसाठी दिला होता. इथे त्याला विचारून केलं.

१८ ऑगस्ट, रविवार

पायाचा धडा. उजव्या अंगठ्याचा कोपरा लाल, जरा सुजलेला, हात लावू देईना. कारण मी: गोल छान दिसावं म्हणून कोपरे आत घेतले होते. पायाचं नख सरळ कापायचं, कोपरे तसेच ठेवायचे, टोचतील तर कानशीने फक्त टोक मोडायचं. आत घेतलं की वाढताना मांसात रुततं. दिवसातून दोनदा कोमट पाण्यात पाय, नीट कोरडा पुसून, मोकळी चप्पल. चार दिवसांत उतरलं. पू धरला असता तर घरी न कोरता डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं होतं.

पावसात बंद बूट घालून दिवसभर राहिला की बोटांच्या बेचक्यात पांढरं पडतं. बूट वाळत नाहीत. आता बालवाडीला सॅंडल.

५ सप्टेंबर, गुरुवार

नखं रुळावर आली म्हणून मी शेफारलो. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दोन दिवसांवर, केस कानांवर आलेले. “फक्त बघायला जाऊ,” असं सांगून फोंड्यातल्या एका सलूनमध्ये नेलं. खुर्चीवर बसवलं, कापड गुंडाळलं, मशीन चालू. गुरगुर. पुढचं सांगायला नको. उजवी बाजू झाली, डावी राहिली. कारागिराने पैसे घेतले नाहीत, म्हणाला अर्ध्याचे काय घ्यायचे.

घरी येताना स्कूटरवर पुढे उभा राहून तो एकच वाक्य म्हणत होता. “तू म्हणालास फक्त बघायला.”

रात्री नख दिलं नाही. बरोबरच आहे.

६ सप्टेंबर, शुक्रवार

पेडण्याला मूळ घरी. चवथीला सगळे तिथेच. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायचं काम चाललेलं: नारळ, सुपाऱ्या, आंबाडे, चिबूड, कांगलां. घरी केस कापायला वर्षानुवर्षं येणारा म्हातारा म्हालो आला होता, काकांचे कापत होता. अंगणात पाट, कंगवा, कात्री, वाटीत पाणी. मी काही बोललो नाही. बाबलो लांबून बघत होता. मग जवळ. मग म्हाताऱ्याने न विचारताच कंगवा त्याच्या हातात दिला आणि आपलं काम करत राहिला.

तासाभराने बाबलोच येऊन म्हणाला, “मशीन नाका.” म्हाताऱ्याने पिशवी उलटी करून दाखवली, मशीन नव्हतंच. मी थांबचा नियम सांगितला. तो हसला, म्हणाला, कात्री तर मी तुमच्या आजोबांसाठीपण थांबवायचो. डावी बाजू उजवीएवढी झाली नाही, पण माणसात आला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात नेवऱ्या, म्हणजे करंज्या. पोरं कातणीने कड कापायला रांगेत, आणि मोठी काकू प्रत्येकाला “हात दाखव” म्हणत होती. माती दिसली की परत विहिरीकडे. बाबलो हात बघून माझ्याकडे आला, दोन नखं वाढलेली होती. “चल,” म्हणाला. दिवेलागणी झालेली. मी आजीकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघू लागली.

२२ सप्टेंबर, रविवार

सध्याची स्थिती. हाताची दहाही रोज एक या हिशेबाने, कधी तो स्वतः दोन मागतो. “थांब” आता दोन-तीन वेळा, बहुतेक सवयीने. कानस तो स्वतः फिरवतो, एकाच नखावर, बाकीच्यांकडे बघत नाही. मुठी उघड्या झोपतात, ऑगस्टच्या मध्यापासून.

बाकी: डाव्या पायाची करंगळी. नख एवढंसं की कटरमध्ये येत नाही, आणि तिथे गुदगुल्या होतात. तीन वेळा प्रयत्न, तिन्ही वेळा हसून लोळला. दात घासणं आणि डोक्यावरून पाणी घेणं या दोन गोष्टींची वही अजून उघडलेली नाही.

आज डावा अंगठा होता. कापून झाल्यावर तुकडा हातात घेऊन विचारलं, “हे परत येणार?” मी म्हटलं, येणार, दहा दिवसांत. त्याने तो तुकडा तुळशीच्या कुंडीत पुरला आणि पेला भरून पाणी घातलं.